लीला रेडी नाही

"यातला मन्मथ कुठला?" अण्णांनी विचारलं.

"तो. मोठी ढाल घेऊन उभारलाय तो."

"आणि तू?"

"ही. पांढऱ्या झग्यातली. सगळ्यांत मागं."

अण्णांनी खुर्ची आणखी पुढं ओढली. मांडीवर सोलापूरच्या दवाखान्याची फाईल होती, ती काही ते सोडत नव्हते. रविवार दुपारचे तीन वाजले होते. बार्शीत वीज गेली होती, पण आमच्या घरी कॉम्प्युटर चालू, पंखा चालू. शेटे बॅटरीवाल्याच्या घरात भारनियमन कुठलं!

त्या फाईलमध्ये लिहिलं होतं की अण्णांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. सोमवारी दाखल व्हायचं, मंगळवारी बायपास. डॉक्टर म्हणाले होते, आता एक दिवससुद्धा पुढं ढकलू नका. आणि अण्णा म्हणत होते, "मन्मथशी बोलल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही." चार दिवस हेच चाललं होतं. मी रडले, ओरडले, शेजारच्या काकांना बोलावून आणलं. काका चहा पिऊन गेले.

मन्मथ म्हणजे माझा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी तो घर सोडून पुण्याला गेला. नंबर बदलला, पत्ता कुणाला दिला नाही. आई असती तर तिनं त्याला हुडकून काढला असता, पण आई त्याच्याही आधी गेली. राहता राहिला कॉम्प्युटरवरचा हा खेळ. दादानंच मी अकरावीत असताना तो मला शिकवला होता, आणि घर सोडलं तरी मला टोळीतून काढलं नव्हतं. का? चांगला हीलर, म्हणजे मार खाणाऱ्यांना मंत्रानं बरं करणारा, सहज मिळत नाही म्हणून! बहीण काय, असतेच.

आमची टोळी दहा जणांची. नाव शेंगाचटणी. कोण लातूरचा, कोण रत्नागिरीचा, कोण नागपूरचा. बुधवारी आणि रविवारी सगळ्यांनी हेडफोन लावून एका चॅनेलवर जमायचं आणि राक्षस मारायला जायचं. म्होरक्या दादा. त्याचे नियम दोनच. एक, घरातले आवाज चॅनेलवर येता कामा नयेत, कुकरच्या शिट्ट्या, पोरांची रडारड, काही नाही. घरच्यांशी बोलायचं तर आधी माइक बंद करायचा. दुसरा, घरचे विषय चॅनेलवर नकोत. आम्ही सख्खे भाऊबहीण आहोत हेसुद्धा त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. एकदा मी त्याला खाजगीत लिहिलं, 'अण्णा तुझी आठवण काढतात.' त्या दिवसापासून माझे खाजगी निरोप त्यानं बंद केले, ते बंदच.

याला आता तेरा वर्षं झाली. पण 'रेडी चेक' हे दोन शब्द कुठं कानावर पडले की अजून माझं डोकं फिरतं.

"त्याला ऑपरेशनचं सांगायचं नाही," अण्णांनी सकाळीच मला बजावलं होतं. "शपथ घे."

"अण्णा, मग तो बोलेल कशाला तुमच्याशी?"

"दया येऊन आलेला मला नको."

"अहो, पण..."

"शपथ घे म्हणालो ना!"

घेतली. आता असल्या दोन हट्टी बापलेकांच्या मधे सापडलेल्या माणसानं करायचं काय, सांगा. एकाला घरचं नाव नको, दुसऱ्याला आजाराचं नाव नको, आणि मधे मी. मी ठरवलं होतं की आधी राक्षस मारायचा. राक्षस मेला की दादाची कळी खुलते. लूट वाटताना दहा मिनिटं तो माणसासारखा बोलतो. तेवढ्यात म्हणायचं, दादा, दोन मिनिटं.

हेडफोन माझ्या कानावर होता, त्यामुळे अण्णांना पडद्यावरची मारामारी दिसत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं.

"डब्बू, मी पुल मारल्यावर पाच मोजायचे," दादा चॅनेलवर सांगत होता. "पाच. त्याच्या आत एक बाण जरी सोडलास तरी याद राख."

"होय ओ," लातूरचा डब्बू म्हणाला.

दादानं पुल मारला, म्हणजे राक्षसाला डिवचून अंगावर घेतलं. डब्बूनं दोन मोजले आणि बाण सोडला. राक्षस गर्रकन वळला, डब्बूला एका फटक्यात आडवा केला, मग त्याच्या शेजारच्याला, मग मला. अर्ध्या मिनिटात दहाच्या दहा गार.

"वाइप," दादा शांतपणे म्हणाला. तो शांतपणे बोलला की समजावं, उकळतोय. "डब्बू, लातुरात आकडे शिकवत नाहीत का रे?"

मी माइक बंद केला. अण्णा हातवारे करत होते.

"मेले की गं सगळे!"

"हो."

"मग आता?"

"परत जिवंत व्हायचं आणि परत जायचं."

"बरंय तुमचं," अण्णा म्हणाले आणि फाईल या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

दुसऱ्या खेपेला डब्बूनं पाच मोजले. सात मोजले असतील. सगळं छान चाललं होतं. मी दादाच्या आयुष्याच्या हिरव्या पट्टीवर डोळे लावून बसले होते. ती कमी झाली की मंत्र टाकायचा, ती वाढते, परत कमी होते, परत टाकायचा. हीलरचं काम हे. टोळी जिंकली की बाण मारणारे हीरो, आणि हरली की हीलर झोपला होता काय!

"लीला."

मी एका हातानं माइक बंद केला. "काय अण्णा?"

"तो मन्मथच एकटा पुढं का? बाकीचे लांबून मारायलेत."

"तो टँक आहे. त्याचं कामच ते. राक्षसाचा राग स्वतःवर ओढून घ्यायचा. अ‍ॅग्रो म्हणतात त्याला. राग त्याच्यावर असला की बाकीचे वाचतात."

"म्हणजे सगळ्यांचा मार यानंच खायचा?"

"हो."

"हे काम त्याला कुणी दिलं?"

"कुणी दिलं नाही हो, त्यानंच घेतलं!"

"कधी?"

कधी म्हणजे! मला काय माहीत कधी! मी तसं म्हणालेसुद्धा, आणि पडद्याकडं वळले तर दादाची पट्टी लाल. मी सगळ्यांत मोठा मंत्र टाकायला गेले तर मॅना संपलेला, म्हणजे मंत्र टाकायची ताकदच शिल्लक नाही. दादा पडला. राक्षसात आठ टक्के जीव उरला होता. फक्त आठ! मग एकेक करून सगळे पडले.

"लीला," दादा म्हणाला. "कुठं होतीस?"

"इथंच."

"इथंच नव्हतीस. तीनदा तुझा माइक बंद झाला, मला दिसतं. आठ टक्के, लीला! दीड महिना आपण या एका राक्षसाच्या मागं आहोत."

"सॉरी."

"ताई, बरी आहेस ना?" रत्नागिरीच्या नाखवानं विचारलं. टोळीत तोच एक जरा माणसात होता.

"बरी आहे."

"बरी असेल तर खेळ," दादा म्हणाला. "ही शेवटची. यानंतर मी निघणार, मला काम आहे. सगळ्यांनी बफ टाकून घ्या."

राक्षस मेला नाही तर दादा फणफणत जाणार, आणि पुढचा बुधवार उजाडेपर्यंत मंगळवार निघून गेलेला असणार. सगळ्यांनी अंगावर ताकदीचे मंत्र चढवले आणि पडद्यावर मधोमध ती चौकट आली. रेडी चेक. म्होरक्या विचारतो, तयार आहात का? प्रत्येकानं 'हो' दाबायचं. दहाच्या दहा हिरव्या खुणा आल्याशिवाय पुल मारायचा नाही, हा सगळ्याच टोळ्यांचा रिवाज. एकेक हिरवी खूण यायला लागली. नऊ झाल्या.

मी 'नाही' दाबलं.

"लाल कोण आहे?" डब्बू म्हणाला. "ताई, तुमचं चुकून दाबलं गेलं बघा."

दादानं परत चौकट पाठवली. मी परत 'नाही' दाबलं.

"लीला, काय अडलंय?"

"मला आधी बोलायचंय."

"नंतर."

"नंतर तू जाशील. आत्ता. दादा, अण्णांना तुझ्याशी दोन मिनिटं बोलायचंय."

मग डब्बू म्हणाला, "दादा? अहो, हे तुमचे भाऊ आहेत काय?"

"रेडी दाब, लीला," दादा म्हणाला.

"दोन मिनिटं, दादा. माझ्या शेजारीच बसलेत ते."

"नियम ठाऊक आहे ना?"

"खड्ड्यात गेला तुझा नियम!"

तिसऱ्यांदा चौकट आली. मी तिसऱ्यांदा 'नाही' दाबलं. आता नागपूरचा एक जण सुरू झाला, बफ उतरायला लागलेत, घरची भांडणं घरी करा, आमचा रविवार का नासवताय. दुसरा म्हणाला, माझा मावसभाऊ हीलर आहे, ऑनलाइन आहे, घेऊ का? मला भयंकर संताप आला होता. नुसतं 'बायपास' एवढं एक सांगितलं असतं तर सगळे गप्प झाले असते. ते ओठावर येत होतं आणि शपथ आडवी येत होती.

"काय म्हणतोय?" अण्णांनी माझा दंड धरला.

मी माइक बंद केला. "थांबा जरा, अण्णा!"

"दे इकडं ते."

"अहो, नऊ जण ऐकतायत. मी त्याला बाजूला घेते, मग..."

"नऊ आहेत ना? असू देत. बरंच झालं. दे."

मी हेडफोन काढून त्यांच्या कानावर चढवला, माइकची कांडी तोंडापुढं आणली. अण्णांनी फाईल टेबलावर ठेवली. चार दिवसांत पहिल्यांदा ती त्यांच्या हातातून सुटली.

"मन्मथ, मी अण्णा बोलतोय," ते म्हणाले. "तुझे दोस्त ऐकतायत ते मला कळलंय. त्यांनीपण ऐकावं. त्या दिवशी दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती. तू जोडून दिलेल्या बॅटरीनं कुंभारांचा इन्व्हर्टर जळाला, म्हणून मी तुला सगळ्यांदेखत मारलं. तू म्हणत होतास, अण्णा, मी लाल खुणेलाच लाल वायर लावली होती. मी ऐकलं नाही." ते थांबले, घाम पुसला. "महिन्यानं त्याच खेपेतल्या बाकीच्या बॅटऱ्या मी काढून बघितल्या. लाल खूणच उलट्या बाजूला होती. सगळ्यांवर. त्या खुणा मी केल्या होत्या, माझ्या हातानं. तुझं काही चुकलं नव्हतं. हे मला कळलं आणि तरी तीन वर्षं मी गप्प बसलो. तू ये असं मी म्हणत नाही. लोकांसमोर मारलं होतं, म्हणून लोकांसमोर सांगायचं होतं. सांगितलं."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटत होतं, दादाचंच चुकलं. तीन वर्षं मीसुद्धा तेच धरून बसले होते.

अण्णा बोलायचे थांबले, पण हेडफोन काढेनात. तसेच ताठ बसून ऐकत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. काही कळत नव्हतं. मिनिटभर गेलं असेल. मग पडद्यावरची माझी पांढऱ्या झग्यातली बाई राक्षसाच्या गुहेतून उचलली गेली आणि गावाच्या चौकात येऊन पडली. खाली इंग्रजीत ओळ आली. तुम्हाला गटातून काढण्यात आले आहे.

अण्णांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. कोपऱ्यात माइकच्या चित्रावर लाल काट होती. 'थांबा जरा, अण्णा' म्हणताना मी तो बंद केला होता आणि परत चालू केलाच नव्हता.

इतक्या वर्षांची सवय, घरच्यांशी बोलायचं की आधी माइक बंद! अण्णांचा एक शब्दही कुणाला ऐकू गेला नव्हता. मी तशीच चॅनेलवर शिरून बघायला गेले, तर तिथूनही मला काढलेलं. अण्णांच्या कपाळावर घाम होता, डावा हात छातीवर. यांना आता काय सांगू? परत बोला म्हणू? कुणाशी?

"अण्णा," मी म्हणाले, "ऐकलं त्यानं."

"ऐकलं?"

"हो. हे बघा ना, लिहिलंय त्यानं." मी त्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. अण्णांना इंग्रजी येत नाही. "आधी ऑपरेशन करून घ्या म्हणतोय."

"ऑपरेशनचं कुणी सांगितलं त्याला?"

"मीच. तुमच्या आधी. शपथ मोडली मी. मारा मला पाहिजे तर."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. इतका वेळ की मला वाटलं, आता सगळं बाहेर येतंय.

"आणि मग?" त्यांनी विचारलं. "नंतर येतो म्हणाला?"

"हो. ऑपरेशन झालं की येतो म्हणाला."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी फाईल उचलून माझ्या हातात दिली. "मग पिशवी भर. सकाळी सातच्या गाडीनं निघू."

सोमवारी ते दाखल झाले. मंगळवारी साडेपाच तास ऑपरेशन चाललं. मी बाहेर बसून स्वतःलाच शिव्या घालत होते. सोमवारीच दवाखान्यासमोरच्या सायबर कॅफेतून मी नाखवाला सगळं लिहून टाकलं होतं, बायपास, वॉर्ड, सगळं. शपथ मोडली असं अण्णांना खोटं सांगितलंच होतं, मग खरीच मोडली. नाखवाकडं दादाचा नंबर होता, हे मला तेव्हाच कळलं.

बुधवारी दुपारी दादा आला. अतिदक्षता विभागाच्या बाहेर, पाठीवर सॅक, दाढी वाढलेली. तीन वर्षांनी बघत होते मी त्याला. मिठी मारावी की थोबाडीत द्यावी ते कळेना.

"कसे आहेत?"

"शुद्धीवर आहेत. चार वाजता सोडतात भेटायला. आलास कशाला? राक्षस मेला का तुझा?"

"लीला, मला माहीत नव्हतं गं."

"तुला माहीत करून घ्यायचंच नव्हतं! मी तिथं रडकुंडीला आले होते आणि तू मला चौकटी पाठवत होतास!" दोन नर्स वळून बघायला लागल्या. मी आवाज खाली आणला. आणि मग त्याला अण्णा काय बोलले ते सांगितलं. लाल खुणा, बाकीच्या बॅटऱ्या, लोकांसमोर मारलं म्हणून लोकांसमोर. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. माइक कसा बंद राहिला तेही सांगितलं.

दादा भिंतीला टेकून खाली बसला.

"हे मला ऐकायला आलं असतं," तो म्हणाला, "तर मी तसं बोललो नसतो."

"कसं?"

"अगं तुला बोललो ना मी. तू गप्प बसलीस, मला वाटलं अडून बसलीयेस. म्हणून बोललो."

"मला काही ऐकू आलं नाही. काय बोललास?"

तो माझ्याकडं बघेना. "म्हणालो, लीला, अण्णांना सांग, मन्मथ मेला. आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तरी मला कळवू नकोस. बघायलाही येणार नाही म्हणालो. मग तुला काढलं."

"मला नाही ऐकू आलं," मी परत म्हणाले.

"कसं नाही आलं? तू चॅनेलवर होतीस."

"हेडफोन अण्णांच्या कानावर होता."

हे मी बोलले, आणि बोलल्यावर मला कळलं. दादालाही कळलं. तो उठून उभा राहिला, परत बसला. मी त्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवून 'येतो म्हणाला' सांगत होते, तेव्हा अण्णांनी अर्ध्या मिनिटापूर्वी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं की तो येणार नाही. आणि ते म्हणाले, बरं, पिशवी भर.

मला इतका राग आला! दादाचा आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यांत जास्त अण्णांचा आला. एक अक्षर बोलायचं नाही? माझ्या खोट्यावर विसंबल्यासारखं करून स्वतःची छाती फाडून घ्यायला जायचं?

चार वाजता नर्सनं हाक मारली, "शेटेंचे कोण आहेत?" आम्ही दोघंही आत गेलो. अण्णांच्या नाकात नळी होती, तोंड सुकलेलं. त्यांनी आधी मला बघितलं, मग माझ्या मागं. बघतच राहिले.

दादा पलंगाच्या पायथ्याशी उभारला होता. त्याला पुढं येववत नव्हतं. "अण्णा, मी त्या दिवशी..." त्यानं सुरुवात केली.

अण्णांनी सलाइन लावलेला हात जरासा वर केला. दादा थांबला.

"लीला म्हणालीच होती," अण्णा म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. "ऑपरेशन झालं की येतो म्हणालास म्हणून."

दादानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"हो, अण्णा," दादा म्हणाला. "म्हणालो होतो."